पानावर मीठ सगळ्यात आधी का वाढतात? दुसऱ्याच्या घरी वरून मीठ, लिंबू, तिखट घेण्याची रीत

गौरीजेवणाचा दिवस होता. आत्याकडे सगळा स्वयंपाक सोवळ्यात, त्यामुळे नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव बघायची नाही. मीठ, तिखट, गूळ सगळं हाताच्या अंदाजाने. पहिल्या पंगतीला आम्ही चौदा जण बसलो. कटाची आमटी भातावर पडली आणि पहिल्याच घासाला कळलं, की तिच्यात मीठ पडलेलंच नाही. कुणी पानावरचं मीठ भातात कालवलं, कुणी लोणच्याचा खार चोळला. एका काकांनी तर आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि ‘झकास झालीय’ म्हणाले. ती पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली. दुपारी तीन वाजता आत्या आणि तिच्या जावा जेवायला बसल्या. आत्याने भात कालवला, घास घेतला आणि तिचा हात पानावरच थांबला. ‘एवढी माणसं जेवून गेली, एकानेही सांगितलं नाही गं,’ इतकंच ती बोलली.

पहिल्या पंगतीत मीही होते, दहा वर्षांची. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले, कारण जेवताना अन्नाला नावं ठेवायची नाहीत असं घरात शिकवलेलं. शिकवण चांगलीच आहे. पण वरून मीठ घेणं म्हणजे नावं ठेवणं, आणि करणारीला वेळेत सांगणं म्हणजे तिचा अपमान, असा अर्थ आपण त्यातून काढला तो चुकीचा. आपलं पान ज्या पद्धतीने वाढलं जातं, ती पद्धतच काही वेगळं सांगते. म्हणून पानापासून सुरुवात करते, आणि मग जेवण पुढे सरकतं त्याच क्रमाने जाऊ.

आधी पान नीट बघा

केळीचं पान मांडताना त्याचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. रिकाम्या पानावर पहिल्यांदा पडतं ते मीठ, वरच्या बाजूला मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, लोणचं, कोशिंबीर, आणि त्याखाली पापड, कुरडई, भजी. उजवीकडे भाज्या, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. घराघरात थोडं इकडेतिकडे होतं, पण मीठ मध्ये आणि लिंबू-चटणी-लोणचं डावीकडे, हे सहसा बदलत नाही.

या डाव्या बाजूला आपण तोंडी लावणं म्हणतो. उजवीकडच्या पदार्थांची चव करणाऱ्याने ठरवलेली असते. डावीकडचं त्याने तुमच्या हवाली केलेलं असतं: किती घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं, हे तुमचं तुम्ही बघा. भाजी चाखायच्या आधीच मीठ आणि लिंबू समोर ठेवणाऱ्या यजमानाने वरून घ्यायची परवानगी जेवण सुरू होण्यापूर्वीच दिलेली असते. नैवेद्याच्या स्वयंपाकात तर पानावरचं ते मीठ फारच कामाचं, कारण तिथे न चाखता रांधलेलं असतं आणि अंदाज कुणाचाही चुकू शकतो.

आता घरोघरी ताटं आणि डायनिंग टेबल आलं, तरी हिशेब तोच. टेबलावर मिठाची वाटी, लोणच्याची छोटी बरणी, चटणीचा डबा मांडून ठेवलाय का, हे बसल्या बसल्या नजरेखालून घाला. जे मांडलंय ते न विचारता घ्यायचं. जे मांडलेलं नाही, ते मागावं लागतं, आणि मागण्याची रीत वेगळी आहे. ती पुढे येतेच.

जाण्याआधीचा एक फोन

रक्तदाबामुळे मीठ कमी, पित्तामुळे तिखट नको, मधुमेहामुळे आमटीतला गूळसुद्धा नको, असं काही असेल तर ते आमंत्रण आलं त्याच वेळी सांगायचं. ‘वहिनी, येतो नक्की. फक्त माझ्यापुरतं तिखट बेताचं ठेवाल का? नाहीतर दही असलं तरी भागेल.’ दोन वाक्यांत काम होतं, आणि फोडणीत मिरची पडायच्या आधी होतं. ताटावर बसल्यावर हेच सांगितलं की घरातली बाई पदर खोचून पुन्हा ओट्याशी उभी राहते, तिचं जेवण लांबतं आणि तुम्हाला घास गोड लागत नाही.

स्वतःच्या ठेच्याची डबी किंवा मसाल्याची पुडी खिशातून काढून दुसऱ्याच्या ताटात वापरू नये. घरचा ठेचा खरंच चांगला असेल, तर छोटी बरणी भरून भेट म्हणून न्या आणि आल्याबरोबर यजमानांच्या हातात द्या. त्यांनी ती टेबलावर मांडली, तर सगळ्यांबरोबर तुम्हीही घ्या.

पहिला घास तसाच

एक नियम कुठल्याही घरी, कुठल्याही जातीच्या, गावाच्या, देशाच्या ताटावर लागू आहे: चाखल्याशिवाय वरून काही घ्यायचं नाही. ताट पुढे आल्याबरोबर लिंबू पिळणारा किंवा मीठ भुरभुरवणारा माणूस रांधणाऱ्याच्या डोळ्यात लगेच भरतो. ‘तुमच्या हाताला चव नसणारच’ असं न बोलता सांगितल्यासारखं ते होतं. सवयीने हात जातो हे मला माहीत आहे. म्हणूनच हाताला मुद्दाम थांबवावं लागतं.

चाखायचीही एक पद्धत आहे. वरण-भात-तुपाचा पहिला घास घ्या. मग भाजी नुसती, बोटाच्या पेरावर मावेल एवढी. आमटीचा एक भुरका. वाफाळतं असेल तर थोडं थांबा, कारण जीभ भाजली की चव कळत नाही आणि मीठ कमी आहे असं उगाच वाटतं. नंतर तीच भाजी पोळीबरोबर किंवा भाकरीबरोबर खाऊन बघा.

हा दुसरा टप्पा फार जण गाळतात. आपल्या ताटातल्या कितीतरी गोष्टी मुळात अळणी किंवा अळणीच्या जवळच्या असतात. पांढरा भात बिनमिठाचा असतो. बहुतेक घरांत ज्वारी-बाजरीची भाकरीही बिनमिठाची थापतात. साधं वरण सौम्यच हवं, कारण त्याच्या शेजारी लिंबाचं लोणचं बसणार असतं. उलट सुकी चटणी, ठेचा, खारातली मिरची नुसती खाल्ली तर खारट लागते, भाकरीबरोबर बरोब्बर लागते. एकट्या पदार्थावरून निकाल दिला तर तो चुकतो. दोन-तीन घास झाले की मगच ठरवा.

काय कमी आहे ते ओळखा, मग हात पुढे करा

चव लागत नाही म्हटलं की आपण मिठाकडे वळतो. पण बहुतेक वेळा कमी असतं ते दुसरंच काहीतरी. माझा क्रम असा आहे: आधी तोंडी लावणं, मग लिंबू, सगळ्यात शेवटी मीठ.

लोणच्यात, पापडात, सुक्या चटणीत मीठ भरपूर असतं. लोणचं टिकतं ते त्याच जोरावर. भाजीच्या घासाला लोणच्याचा खार लागला की मीठ आलंच, वर आंबट आणि तिखटही आलं. तेवढ्याने भागलं तर मिठाला हात लावायची वेळच येत नाही. लिंबाचं काम आणखी बारीक आहे. आंबटपणा आला की असलेलं मीठ जिभेला जास्त जाणवतं, त्यामुळे किंचित अळणी उसळ चार थेंब लिंबाने उभी राहते. लिंबू पिळताना डावा हात आडोशाला धरा, शेजाऱ्याच्या डोळ्यात शिंतोडा जायला नको. पिळलेली फोड पानाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवा. यजमानांनी हौसेने आजीची पितळी ताटं काढली असतील, तर लिंबू भाताच्या किंवा उसळीच्या वरच पिळा. रस पितळेवर सांडू देऊ नका, कारण कल्हई झिजलेल्या पितळेला आंबट लागलं की पदार्थ कळकतो.

एवढं करूनही मीठ हवंच असेल तर चिमटीने घ्या आणि ओल्या पदार्थात घ्या. सुक्या भाजीवर टाकलेलं मीठ विरघळत नाही; एक घास खारट आणि दुसरा अळणी लागतो. पानावर भाताची थोडी जागा करून आमटीत मीठ कालवा, चाखा, मग बाकीच्या भाताला लावा. सगळ्या भातावर एकदम टाकू नका. जास्त पडलं तर परत काढता येत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी पान टाकणं बरं दिसत नाही. ‘वरून कच्चं मीठ खाऊ नये’ असं घरातली मोठी माणसं सांगतात, त्यातही तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक छोटा चमचा. लोणचं-पापडाचं मीठ त्यातच मोजायचं असतं.

हात कुठला, चमचा कुठला

उजवा हात तोंडाला लागला की तो उष्टा. त्या हाताने मिठाच्या वाटीत बोटं घालायची नाहीत, लोणच्याची बरणी धरायची नाही, भाजीच्या पातेल्यातला डाव उचलायचा नाही. घरचं माणूस असेल तर डाव्या हाताने वाढून घेतं. पाहुणे असाल तर शेजाऱ्याला किंवा वाढणाऱ्याला सांगा. कुणी आग्रहाने ‘घ्या हो, आपलंच घर आहे’ म्हटलं, तर डाव्या हाताने, चमच्याने घ्या.

लोणच्याच्या बरणीत ओला किंवा आमटीत बुडवलेला चमचा घातला की आठवड्याभरात वर बुरशी दिसते. कुणाच्या तरी घरी उन्हाळ्यात पाच-दहा किलो कैऱ्या फोडून वर्षाचं लोणचं घातलेलं असतं. ते एका ओल्या चमच्याने जातं. बरणीतला चमचा बरणीतच राहू द्या, त्यातलं लोणचं आपल्या पानावर पाडा, चमचा ताटाला टेकवू नका.

मिठाबद्दल जुन्या माणसांची एक समजूत आहे: मीठ हातावर देऊ-घेऊ नये, भांडण होतं. तुम्ही मानत नसलात तरी यजमानांच्या घरात आजी असतील तर त्यांचा मान राखा. वाटी टेबलावर सरकवा, हातात देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चव सुधारायची ती आपल्या पानावर. मधल्या कढईत, सगळ्यांच्या वाडग्यात लिंबू पिळणं, मीठ ढवळणं, हे पाहुण्याने कधीच करायचं नाही. तुमच्या जिभेला कमी असलेलं मीठ शेजारी बसलेल्या आजोबांना अगदी योग्य असू शकतं.

मागायचं कसं

मागताना पदार्थाचं नाव घेऊ नका, तुम्हाला जे हवं त्याचं घ्या. ‘काकू, भाजीत मीठ कमी आहे’ आणि ‘काकू, जरा मीठ सरकवता का?’ या दोन वाक्यांत तेवढाच फरक आहे आणि तो मोठा आहे. ‘वहिनी, लिंबाची एखादी फोड असेल का? मला लिंबू फार आवडतं.’ ‘मावशी, तुमच्याकडचं लोणचं असेल ना या वर्षीचं?’ हे ऐकून मावशींना बरंच वाटेल, कारण लोणचं मागणं ही स्तुतीच असते. मित्राच्या घरी स्वयंपाक त्याने स्वतः केला असेल तर सरळ ‘अरे, हिरवी मिरची आहे का एखादी?’ म्हणा.

आवाज हळू ठेवा. पंगतीच्या टोकाला बसून ‘मीऽऽठ आणा’ ओरडलं, की वाढणारे धावतात आणि बाकी सगळे आपापल्या आमटीकडे संशयाने बघायला लागतात. वाढपी समोरून जाईल तेव्हा डाव्या हाताने खूण केली की पुरतं. नवीन जावई, नवी सून, लग्न ठरवायला आलेली मंडळी, अशा नाजूक जेवणात मी आणखी एक पथ्य सांगेन: समोर मांडलेलं तेवढंच घ्या, मागू नका. त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाचं काळीज आधीच धडधडत असतं.

सांगायचं कुणाला, कधी

आत्याच्या पंगतीत आमचं चुकलं ते इथे. मीठ वरून घेतलं ते योग्यच होतं. पण मागे अजून एक पंगत आणि रांधणाऱ्या बायका उपाशी होत्या, आणि आमटीचं पातेलं अजून निम्मं भरलेलं होतं. अशा वेळी गप्प राहणं हा शिष्टाचार होत नाही.

आपल्याकडे करणारी माणसं शेवटी जेवतात. त्यामुळे पहिल्या पंगतीत बसलेल्या माणसाकडे अशी माहिती असते जी स्वयंपाकघराकडे नाही. ती तिथे पोचवायची, पण चौघांत नाही. वाढायला आलेल्या घरच्या माणसाला वाकून हळूच सांगा: ‘आमटीला किंचित मीठ लागेल, पुढच्या पंगतीआधी बघता का?’ पदार्थाचं नाव, काय हवं ते, आणि ‘किंचित’. वर ‘वास काय सुरेख सुटलाय’ असं खरं असेल ते एक चांगलं वाक्य. झालं. आमटी, रस्सा, कढी, उसळ, कोशिंबीर हे सगळं मागाहून मीठ घालून सुधारतं, तेव्हा सांगण्याचा उपयोग असतो. पुरणपोळीत जायफळ कमी पडलं, वड्या कडक झाल्या, भात मऊ झाला, हे आता सुधारणार नाही. तिथे बोलायचं नाही.

कधी यजमानच विचारतात, ‘मीठ-बिठ ठीक आहे ना?’ घरची बाई असं विचारते तेव्हा ती निम्म्या वेळा खरंच विचारत असते, विशेषतः तिने अजून चाखलेलं नसेल तर. ‘छान, छान’ म्हणून उडवून लावू नका. ‘भाजी फार आवडली. आमटीत मला थोडं मीठ चाललं असतं, इतरांचं बघा.’ असं सांगितलं की तिला खरी माहिती मिळते आणि तुमच्या जिभेची आवडही त्यात येते. तीच बाई सगळं आटोपून तुमच्या शेजारी बसून जेवत असेल, तर तिने स्वतः चाखलेलं आहे. मग तिच्या प्रश्नाचा रोख मायेच्या शब्दाकडे असतो, तो द्या.

एक जण बोलला की सगळी पंगत ‘हो, मलाही वाटलंच’ म्हणत सुरू होते, हे मात्र टाळा. एकाने सांगितलं, ते पोचलं, विषय संपला.

खारट, जाळ, गोड झालं असेल तर

खारट झालेल्या पदार्थातून मीठ काढता येत नाही, ते फक्त पांगवता येतं. आमटी कमी आणि भात जास्त घ्या, वरून तूप घ्या, साधं दही मागा. मिठाची कोशिंबीर आणि पापड बाजूला राहू द्या. यजमानांना कानावर घातलंत आणि त्यांनी बटाटा टाकायचं ठरवलं तर सांगा, की बटाटा नुसतं मीठ वेचून घेत नाही, पाण्यासकट शोषतो. उरलेली आमटी तितकीच खारट राहते. शिजलेली डाळ घोटून घालावी, पाणी वाढवावं आणि उकळी आणावी, म्हणजे खारटपणा खरोखर उतरतो.

तिखटाने तोंड पोळलं की लोक पाण्याचा तांब्या उचलतात. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तो तेला-तुपात विरघळतो, आणि दुधातली प्रथिनं त्याला धरून जिभेवरून उतरवतात. म्हणून दही, ताक, दूध, तूप मागा. पानावर ताक शेवटी येतं, पण अशा वेळी आधी मागायला काहीच हरकत नाही. ‘ताक आत्ताच मिळेल का?’ म्हटलं की समजणारे समजतात आणि कुणाला वाईट वाटत नाही.

गोडाची गोष्ट जरा नाजूक. पुण्या-कोकणातल्या पुष्कळ घरांत आमटीत चिंच-गूळ आणि भाजीत चिमूटभर साखर असतेच. नागपूर-अमरावतीकडच्या किंवा कोल्हापूरच्या जिभेला ती गोड लागते. ही चूक नसते, त्या घराची ती चवच असते. तिथे ‘मीठ लागेल’ असं सुचवायचं नाही. आपल्या पानावर लिंबू पिळा, मिरचीचा तुकडा चावा, लोणचं घ्या. कोल्हापूरच्या घरी बसलेल्या पुणेकरानेही हेच उलट्या बाजूने करायचं. कांदा-लसूण मसाल्याला नावं न ठेवता तांबड्यात पांढरा रस्सा मिसळून घ्यायचा.

जिथे वरून घेणं हाच पदार्थ खाण्याचा भाग असतो

काही पदार्थ ताटात अपुरे येतात आणि खाणाऱ्याने ते पुरे करायचे असतात. इथे संकोच केला तर यजमानच हिरमुसतात.

विदर्भातला गोळाभात घ्या. भरड वाटलेल्या डाळीचे तिखट गोळे भाताबरोबर वाफवलेले असतात. पानावर भात आणि गोळा येतो तेव्हा तो कोरडाच असतो. शेजारी हिंग, मोहरी, लाल मिरचीची फोडणी केलेलं तेल वाटीत ठेवतात. गोळा बोटांनी फोडायचा, भातात कुस्करायचा आणि वरून ते तेल ओतायचं, मग कढी किंवा चिंचेचं सार. ‘तेल नको’ म्हणणाऱ्या पाहुण्याचं जेवण नुसतं कोरड्या भाताचं होतं. मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मैत्रिणीच्या आजींनी माझ्या हातातून पळी घेतली आणि भाताच्या कडेने गोल फिरवत तेल सोडलं. फोडणीतली तळलेली मिरची शेवटी माझ्या बाजूला सरकवली आणि ‘ही चुरायची’ म्हणाल्या. तो कडकडीत चुरा भातात मिसळला की जी चव येते, तिच्यासाठीच तो भात करतात.

खान्देशातली बट्टी वरणात चुरून वर तूप आणि लिंबू. पिठल्याला कच्चं तेल आणि बुक्कीने फोडलेला कांदा. सोलापूरकडच्या शेंगाचटणीला दही किंवा तेल. मऊभाताला मेतकूट आणि तूप, मीठ ज्याचं त्याने. उकडीच्या मोदकाचं टोक मोडून आत तूप सोडायचं, आमरसात तूप आणि मिरपूड, पोह्यांवर लिंबू, खोबरं, कोथिंबीर. पुरणपोळी दुधाबरोबर की तुपाबरोबर, याचा निर्णय सर्वस्वी तुमचा.

किनाऱ्यावर मात्र जरा जपून. तळलेल्या माशावर लिंबू बिनदिक्कत पिळा. पण माशाच्या कालवणात किंवा गोव्याच्या हुमणात (तिकडची माशाची आमटी) बहुधा कोकम आधीच असतं, त्यात लिंबू घातलं तर दोन आंबट एकमेकांवर चढतात. आंबट कमी वाटलंच तर आगळाचे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचे, चार थेंब मागा, आणि आगळात मीठ असतं हे लक्षात ठेवून आधी मीठ घेऊ नका. तिरफळाचे दाणे पानाच्या कडेला काढून ठेवायचे, चावायचे नाहीत. सोलकढी वाटीत आली की आधी एक घोट तशीच.

जिथे हात लावायचा नाही

प्रसाद जसा हातावर पडला तसाच खायचा. सत्यनारायणाचा शिरा कमी गोड झाला, गोपाळकाल्यात मीठ जास्त पडलं, तरी त्यात काही घालायचं नाही आणि त्यावर बोलायचंही नाही. श्राद्धाच्या जेवणात पदार्थ कसा झाला याची चर्चा करायची नाही, अशी जुनी रीत आहे. तिथे जे वाढलं जाईल ते मुकाट्याने जेवावं. उपासाच्या घरी साधं मीठ मागू नये, आधी विचारावं. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी सैंधवच चालतं. आणि घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीने किंवा मुलाने पहिल्यांदा काही करून वाढलं असेल, तर ते पोरगं समोर उभं असेतोवर मिठाकडे हात नेऊ नका.

परदेशात पाहुणे म्हणून गेलात तर

युरोप-अमेरिकेत टेबलावर मीठ आणि मिरपुडीची जोडी असते. एकाने मीठ मागितलं तरी दोन्ही एकत्र पुढे सरकवतात, हातात न देता टेबलावर ठेवतात. आपल्या आजींना हे शेवटचं पटलं असतं. चाखल्याशिवाय न घेण्याचा नियम तिथेही तितकाच कडक आहे. औपचारिक जेवणात ती जोडी टेबलावर नसेल, तर मागू नये असं मानतात. जपानी घरात पांढऱ्या भातावर सोया सॉस ओतत नाहीत. तो छोट्या बशीत घेऊन घास टेकवतात. तिकडच्या मराठी मुलांच्या मित्रमंडळींना आपण जेवायला बोलावतो, तेव्हा हेच उलटं करावं लागतं. ते न चाखता काही घेणार नाहीत, आणि चाखून झाल्यावरही घ्यायला बिचकतील. म्हणून ताट वाढतानाच बोटाने दाखवून सांगा, की डावीकडचं सगळं तुमच्या मर्जीने घ्यायचं आहे.

यजमान असाल तेव्हा

मीठ, लिंबू, एक ओलं आणि एक सुकं तोंडी लावणं, दही, इतकं न मागता टेबलावर असू द्या. मिठाच्या वाटीत चमचा हवाच. पाहुण्याने मीठ घेतलं की ‘अगंबाई, कमी पडलं का?’ असं विचारून त्याला अडचणीत टाकू नका, त्याच्याकडे बघूही नका. नैवेद्याचा स्वयंपाक असेल तर नैवेद्य दाखवल्यावर आणि पहिली पंगत बसण्यापूर्वी पाच मिनिटं राखून ठेवा.

आत्याकडे आता तसंच करतात. आरती झाली, नैवेद्याचं पान फिरवून झालं, की ती प्रत्येक पातळ पदार्थाचा एकेक चमचा छोट्या वाट्यांतून काढते आणि घरातल्या एखाद्या लहान मुलाला ओट्याजवळ बोलावते. मोठी माणसं भिडेखातर खोटं सांगतात, असं तिचं म्हणणं. गेल्या गौरींना माझ्या लेकीला बोलावलं. तिने कढी चाखली, मान डोलावली. आमटी चाखली, थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘आत्याआजी, मीठ हवंय. थोडंसंच.’ आत्याने मिठाचा डबा उघडला.